मेल येतात, पण जात नाहीत

प्रश्न : आमची छोटी प्रिंटिंग प्रेस आहे. लग्नपत्रिकांची प्रुफं जीमेलवरून गिऱ्हाइकांना जातात. भाच्याने दुकानातल्या कम्प्युटरवर थंडरबर्ड बसवून दिलं. त्यात मेल येतात, पण पाठवायला गेलं की पासवर्ड मागतं आणि बरोबर टाकला तरी नाकारतं. शिवाय दुकानात आलेले मेल मोबाइलच्या इनबॉक्समधून गायब होतात.
– एक वाचक, मिरज

उत्तर : मेल आणणारा सर्व्हर वेगळा, पाठवणारा वेगळा. भाचेबुवांनी पहिल्याची सेटिंग नीट केली, दुसऱ्याची राहून गेली. 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये डावीकडे अगदी खाली 'आउटगोइंग सर्व्हर' आहे, तो उघडा. तिथे पडताळणीच्या रकान्यात बहुधा 'नॉर्मल पासवर्ड' असेल. खात्याचा नुसता पासवर्ड अशा प्रोग्रामकडून घेणं गूगलने मे २०२२ मध्येच बंद केलं. तेव्हा तो कितीदाही टाका, उपयोग नाही. तिथे 'ओऑथ २' निवडा, पोर्ट ४६५ आणि 'एसएसएल/टीएलएस' ठेवा, युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता लिहा. पुढचा मेल पाठवताना गूगलची खिडकी उघडेल, तिथे एकदा परवानगी दिली की झालं.

गायब मेलचं म्हणाल, तर ते बहुतेक गेलेले नाहीत. मोबाइलवर 'सर्व मेल'मध्ये बघा. खातं 'पॉप'ने, म्हणजे मेल सर्व्हरवरून कम्प्युटरवर उतरवून घेण्याच्या पद्धतीने, जोडलं असणार, आणि पॉपने मेल उतरवला की जीमेलने आपली प्रत इनबॉक्समधून हलवायची, अशी सेटिंग असते. ती 'हटवा'वर असेल तर मात्र आधी ट्रॅश उघडा, तिथून ३० दिवसांनी मेल कायमचे जातात.

दुकान आणि मोबाइल, दोन्हीकडे एकच चित्र हवं असेल तर 'आयमॅप'च घ्या, त्यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि सगळीकडे तेच दिसतात. आजच्या काळात पॉप कशाला बसवतात, मला कळत नाही. थंडरबर्डमध्ये चालू खात्याचं पॉपचं आयमॅप करता येत नाही. तोच पत्ता नव्याने जोडा आणि जोडताना आयमॅप निवडा. मग ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पॉप बंद करा. जुनं खातं लगेच उडवू नका, उतरवलेले मेल त्यातच आहेत.

आणि तुमचा धंदा प्रुफांचा, म्हणून सांगतो : जीमेलची मर्यादा २५ एमबीची, पण मेलमध्ये फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. मोठी पीडीएफ त्यामुळे अडकू शकते. ती ड्राइव्हवर चढवून लिंक पाठवा.