फ्रीजरमध्ये बर्फच बर्फ आणि खालचा कप्पा कोमट

प्रश्न : आमचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज सात वर्षांचा आहे. दोन महिन्यांपासून वरचा फ्रीजर थंड असतो पण खालच्या कप्प्यात काहीच गार राहत नाही, आणि कॉम्प्रेसर दिवसरात्र चालूच असतो. मेकॅनिक म्हणाला गॅस गेलाय, भरून दिला. आठ-दहा दिवस एकदम मस्त चालला आणि आता परत तेच. पुन्हा गॅस भरायचा का?

उत्तर : थांबा, लगेच गॅस भरू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते 'आठ-दहा दिवस मस्त'. गॅस भरायच्या कामात फ्रीज कितीतरी तास बंद राहिला असणार, तेवढ्यात आतल्या कॉइलवरचा बर्फ वितळून गेला आणि म्हणून फ्रीज सुधारला, गॅसमुळे नाही, असा मला दाट संशय आहे. डीफ्रॉस्ट, म्हणजे कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळवणारी यंत्रणा, बंद पडलेला फ्रीज अगदी असाच वागतो, रिकाम्या कॉइलवर परत बर्फ साचायला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

आत काय होतं ते आधी समजून घ्या. फ्रीजरच्या मागच्या पॅनलमागे कॉइल, म्हणजे गार करणारी वळणावळणाची नळी असते, तिच्यावरून पंखा हवा ओढतो आणि तीच थंड हवा एका वाटेने खालच्या कप्प्यात जाते. खालच्या कप्प्याला बहुतेक मॉडेलमध्ये स्वतःची कॉइल नसतेच. आता हवेतला दमटपणा कॉइलवर बर्फ होऊन बसणारच, तो काढायला कॉइलच्या खाली किंवा तिच्यातच हीटर असतो. जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये एक टायमर कॉम्प्रेसर साधारण ६ ते १२ तास चालला की त्याला बंद करून हीटर लावतो, वीस-तीस मिनिटं. कॉइल पुरेशी गरम झाली की तिच्यावर बसवलेलं बायमेटल, म्हणजे तापमानाने चालणारा छोटा स्विच, हीटरची वीज तोडतं, आणि बायमेटल चिकटून राहिलं तर शेवटचा रखवालदार म्हणून थर्मल फ्यूज असतो. हे सगळे एकाच साखळीत, त्यामुळे एक जरी गेला तरी डीफ्रॉस्ट बंद. मग बर्फ वाढत जातो, पंख्याच्या हवेची वाट बुजते आणि पहिला फटका खालच्या कप्प्याला बसतो कारण वरचा कॉइलला खेटून असतो, तो बराच काळ थंड राहतो.

म्हणून तपासणीचा माझा आग्रह एकच, बर्फ वितळवायच्या आधी बघा! सगळे उलटं करतात, आधी फ्रीज बंद करून साफ करतात आणि पुरावाच धुऊन टाकतात. प्लग काढा, मागचं पॅनल सोडवा (बर्फाने चिकटलेलं असेल तर ओढाताण नको, प्लास्टिक तुटतं, गरम पाण्यात भिजवलेलं फडकं लावून सैल करा) आणि बर्फ कसा बसलाय ते बघा. पूर्ण कॉइल एकसारखी पांढऱ्या जाड बर्फाने गच्च असेल तर डीफ्रॉस्टच बिघडलंय. फक्त सुरुवातीच्या एक-दोन वळणांवर बर्फाचा गोळा आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर मात्र मेकॅनिक बरोबर होता, गॅस कमी आहे, आणि तेव्हाही गळती शोधल्याशिवाय नुसता गॅस भरून उपयोग नाही कारण गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो गळतोच.

बर्फ एकसारखा निघाला तर पुढे टायमर. त्याच्यावर स्क्रूड्रायव्हरने फिरवायची एक खाच असते. तोवर प्लग काढलेलाच ठेवा, खाच घड्याळाच्या दिशेने हळूहळू 'टक' होईपर्यंत फिरवा, पॅनल परत लावा आणि मग प्लग लावा. कॉम्प्रेसर गप्प राहायला हवा आणि पाच-दहा मिनिटांत आतून पाण्याचे थेंब हीटरवर पडून चर्र असा आवाज यायला हवा. आला, म्हणजे हीटर, बायमेटल, फ्यूज तिन्ही ठीक आणि टायमरच पुढे सरकत नाहीये, तो बदला. नाही आला तर प्लग काढून मल्टीमीटर घ्या. फ्यूज जवळजवळ शून्य ओहम दाखवतो, चांगला हीटर थोडेसे ते काहीशे ओहम, उदाहरणार्थ २३० व्होल्टवर १५० वॉटचा असेल तर साधारण ३५०. काहीच दाखवत नसेल तर तो गेला.

बायमेटलपाशी लोक हमखास फसतात. ते खोलीच्या तापमानाला उघडंच, म्हणजे वीज तोडलेलं असतं, म्हणजे मीटर काही दाखवणार नाही आणि चांगला पार्ट कचऱ्यात जाईल. ते कॉइलवर गोठलेलं असतानाच मोजा, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फ-मिठाच्या मिश्रणात पंधरा मिनिटं ठेवा. नुसता बर्फ बऱ्याचदा पुरत नाही कारण कित्येक बायमेटल शून्याच्या बरंच खाली जाऊन वीज जोडतात.

आणि कोणी बायमेटल किंवा फ्यूज काढून वायरी डायरेक्ट जोडून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. फ्रीज चालेल हो, पण हीटर जास्त तापला तर त्याला थांबवणारा रखवालदार उरत नाही आणि प्लास्टिक वितळून आग लागू शकते. हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो कारण घरातली माणसं झोपलेली असतात तेव्हाही फ्रीज चालू असतो.

तुमच्या फ्रीजला टायमर न सापडता इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि तापमानाचा सेन्सर दिसला तर खाच फिरवायचा प्रश्नच नाही, त्यात डीफ्रॉस्ट बोर्ड ठरवतो. हीटर आणि फ्यूज तसेच मोजा, सेन्सरचं रेझिस्टन्स थंडीत वाढतं का बघा, आणि हे सगळं ठीक निघालं तरच बोर्डाकडे बोट दाखवा. बोर्ड सगळ्यात महाग म्हणून तो सगळ्यात शेवटी.

प्रश्न : फ्रीजरच्या तळाला काचेसारखा बर्फाचा थर जमतो आणि खालच्या कप्प्यात पाणी येतं. कूलिंग चांगलं आहे. डीफ्रॉस्ट गेलं का?

उत्तर : नाही, डीफ्रॉस्ट चालू आहे म्हणून तर पाणी होतंय, त्याला जायला वाट नाही. कॉइलखालच्या पन्हाळीतून एक नळी मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाते, तिचं तोंड गोठलंय किंवा आत घाण अडकलीये. प्लग काढून सिरिंजने गरम पाणी सोडत राहा, मागच्या ट्रेमध्ये पाणी पडायला लागलं की मोकळी झाली. पुन्हा गोठत असेल तर हीटरपासून तोंडात उतरणारी छोटी धातूची पट्टी किंवा तार जागेवर आहे का बघा, ती उष्णता आत नेते.

प्रश्न : बर्फ सुरीने काढला तर चालेल का? घाई असते.

उत्तर : अजिबात नको. कॉइल ॲल्युमिनियमची असते, एक टोचा पुरतो, आणि बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये आर ६००ए गॅस असतो जो पेट घेतो, त्यामुळे सुरीही नको आणि कुठली ज्योतही नको. प्लग काढा, दारं उघडी टाका, खाली जुने टॉवेल अंथरा आणि आत गरम पाण्याचं भांडं ठेवा. पॅनलमागचा बर्फ पूर्ण जायला २४ तास लागू शकतात. दिसेनासा झाला म्हणून चार तासांत चालू केलात तर आतला उरलेला बर्फ पंख्याला घासेल, आणि तोच तो खडखड आवाज घेऊन तुम्ही मला परत पत्र लिहाल.