भुलीच्या औषधाने जंतू मरतात का?
आपल्या आईंचे इंदुरात गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आहे आणि भुलीच्या औषधानेच जंतू मरत असतील तर अँटिबायोटिक कशाला, असे आपण विचारले आहे. लिडोकेन, बुपिव्हाकेन ही जागा बधिर करणारी औषधे प्रयोगशाळेत अनेक जिवाणूंची वाढ रोखतात, हे खरे. म्हणूनच कल्चरसाठीचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठीचा) नमुना शक्यतो ती टोचण्यापूर्वी घ्यावा. मात्र संसर्ग टाळण्यासाठी त्यांच्यावर भिस्त मुळीच ठेवू नये. शिरेतून देऊन बेशुद्ध करणाऱ्या प्रोपोफोल या भुलीच्या औषधाचे तर उलटेच आहे: सोयाबीन तेल आणि अंड्यातील लेसिथिन असलेल्या त्या दुधाळ औषधात जंतू झपाट्याने वाढतात, आणि १९९० नंतर अमेरिकेत ते निष्काळजीपणे हाताळल्यामुळे काही रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर संसर्ग पसरले होते. चीर देण्यापूर्वी साधारण तासाभरात दिले जाणारे अँटिबायोटिक कृपया टाळू नका.