तीन इंचांचा हिशेब

"मॅडम, उंची वाढवायचं ऑपरेशन केलं तर लग्न जमेल ना?" हा प्रश्न घेऊन वर्षाकाठी दोन-चार तरुण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतातच, बहुतेक मुलगेच. त्यातल्या एकाची ही गोष्ट. नाव-गाव सांगत नाही, काही तपशीलही बदललेत.

वय २६, नोकरी कारखान्यात. आईबरोबर आला. माझ्या खोलीबाहेर सगळे चपला काढतात. हा मात्र बूट घालूनच उंबऱ्यावर घुटमळला. मी "असू दे" म्हटलं. टाचेत गादी होती, हे नंतर कळलं. तीन स्थळांनी उंचीवरून नकार कळवला होता. त्याने बायोडाटा पुढे ठेवला. उंची : ५ फूट ७ इंच.

"आणि खरी?"

"पाच-चार," आईच बोलली. तो खिडकीकडे बघत राहिला.

म्हणजे तीन इंच कागदावर आधीच वाढले होते, आता पायांनी ते भरून काढायचे होते. गावाकडची जमीन विकून पैसे उभे करायचंही घरात ठरलं होतं.

मी तो कागद उलटा केला आणि आम्ही मागे हिशेब मांडला. या शस्त्रक्रियेत पायाचं हाड मुद्दाम कापतात, काही दिवस थांबतात आणि मग दोन्ही टोकं रोज साधारण एक मिलिमीटर, पाव-पाव करून, दूर सरकवतात. मधल्या फटीत नवं हाड धरतं. सायबेरियातल्या कुर्गान शहरात डॉ. गावरील इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत बसवली, ती न जुळणाऱ्या आणि आखूड राहिलेल्या हाडांसाठी. तीन इंच म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटर : पंचाहत्तर दिवस, रोज चार वेळा. पायाभोवती, पिनांनी हाडाला जोडलेल्या रिंगा असतील तर पाना घेऊन प्रत्येक पायाला तीनशे वेळा फिरवायचं. नंतर ते हाड पक्कं व्हायला आणखी कित्येक महिने.

"फिरवणार कोण?" आईने विचारलं. तो गप्प.

हाड ताणलं जातं तसे स्नायू आणि नसाही ताणल्या जातात, त्या सहज ऐकत नाहीत. टाच जमिनीला टेकेनाशी होते, पिनांभोवती पू होतो, नस दुखावते, कधी हाड धरतच नाही. आता हाडाच्या आत बसवायच्या, हळूहळू लांबणाऱ्या सळया आल्यात. त्यात पिनांचा त्रास टळतो, बाकीचे धोके राहतात. हे सगळं ऑर्थोपेडिक सर्जनकडून, शक्यतो दोघांकडून, ऐकून ये, असं मी सांगितलं. नुसतं माझ्यावर विसंबू नकोस.

लहानपणच्या हाडाच्या संसर्गाने एक पाय पाच सेंटिमीटर आखूड राहिलेली एक मुलगी माझ्याकडे यायची. तिने हेच ऑपरेशन केलं आणि आज ती नीट चालते. मी तिला कधी अडवलं नाही, यालाही "करूच नको" म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "पाच-सात झालास. चौथ्या स्थळानेही नाही म्हटलं. मग?"

पुढच्या दोन भेटी शाळेतली रांग, "बुटक्या" म्हणणारे काका आणि वर्गात कायम पहिला बाक यांवरच गेल्या. रडला. आईसमोर नाही, ती बाहेर गेल्यावर.

जमीन अजून विकलेली नाही. सर्जनना तो भेटून आला, निर्णय लांबणीवर टाकलाय. नव्या बायोडाट्यात उंचीचा रकानाच नाही. "विचारतील तेव्हा सांगेन," म्हणतो. आईला ते पटत नाही. तिच्या मते रकाना हवा, आणि त्यात पाच-चारच हवं.