अनुवांशिक, आनुवंशिक आणि कापसाचं जीन

आमच्याच तालुक्यातल्या एका आशाताईंनी विचारलंय की स्तनाच्या कॅन्सरच्या शिबिराच्या पत्रकावर 'अनुवांशिक आजार' असं छापलंय, गावातले गुरुजी म्हणतात 'आनुवांशिक' पाहिजे, आणि डॉक्टर बोलताना 'जनुकीय' म्हणत होते, तर बरोबर कोणतं आणि हे सगळं एकच का?

बरोबर 'आनुवंशिक'. 'अनुवांशिक' ऐकून ऐकून कान किटले राव. टीव्हीवर तेच, पेपरात तेच, आता पत्रकावरही तेच. अनुवंश या शब्दाला इक लागला की पहिल्या अक्षरातला स्वर लांबतो, अ चा आ होतो आणि बाकीचा शब्द जिथल्या तिथे राहतो. परिवारचं पारिवारिक होतं तसंच. लोक नेमकं उलटं करतात, पुढचा अ तसाच ठेवतात आणि बिचाऱ्या व ला काना देतात. माझ्या मते याला 'वांशिक' हा शब्द जबाबदार आहे. वंशचं वांशिक हे अगदी बरोबर, ते तोंडात बसलेलं, मग त्याच्यासमोर अनु जोडून दिला की झालं काम.

गुरुजींचं म्हणणं जरा विचार करण्यासारखं आहे कारण ते व्याकरण शिकलेले आहेत. काही शब्दांत दोन्ही पदांचा स्वर बदलतो हे खरं, परलोकचं पारलौकिक होतं, इहलोकचं ऐहलौकिक. पण गुरुजी, ती सूट ठराविक गटाला आहे, त्या गटात परलोक आहे, अनुवंश नाही. एकाला दिली म्हणून शेजाऱ्याने पण मागायची हे ग्रामपंचायतीत चालतं, पाणिनीकडे नाही.

आता जीन. त्याच शिबिरात डॉक्टर एका बाईला समजावत होते की तुमच्या जीनमध्ये बिघाड असू शकतो, तर तिच्यासोबत आलेले आबाजी म्हणाले, "कोन्या जीनात? वणीच्या का हिंगनघाटच्या?" सगळे हसले. मी पण हसलो, आणि घरी येऊन डिक्शनरी उघडली तेव्हा लाज वाटली, कारण आबाजी आपल्या सगळ्यांपेक्षा बरोबरच्या जास्त जवळ होते.

आपल्याकडे विदर्भात जीन म्हटलं की कापसातली सरकी काढायचा कारखाना. गाडी भरून जीनात न्यायची, सरकी वेगळी, रुई वेगळी, रुईच्या गठाणी. हा जीन शब्द म्हणजे एंजिनचं तोडलेलं शेपूट आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'आंजें' म्हणजे युक्ती, यंत्र, आणि तो आला लॅटिनच्या 'इंजेनियुम'वरून, अर्थ उपजत बुद्धी, जन्मासोबत अंगात आलेली. त्यातला 'जेन' म्हणजे जन्म देणे. आता दुसरा जीन, अंगातला. 1909 साली डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन यांनी तो शब्द केला, तोही तोडूनच, कारण त्याआधी ह्यूगो द व्ह्रीस यांचा 'पॅनजीन' असा लांबलचक शब्द होता, यांनी त्याचं पुढचं डोकं उडवलं आणि जीन ठेवला. त्याचं मूळ ग्रीक, आणि तिथेही 'जेन' म्हणजे जन्मच. म्हणजे कापसाचं जीन, रक्तातलं जीन, विहिरीवरचं फटफट करणारं इंजन, आणि आपले जन, जन्म, जात, जननी, आणि मराठीत बनवलेलं जनुक, ही सगळी एकाच धातूची पिलावळ! दोन्ही जीन शेपूट धरून राहिले, एकाने एंजिनचं धरलं, दुसऱ्याने पॅनजीनचं. मला या गोष्टीने दोन दिवस झोप आली नाही, बायको म्हणे पऱ्हाटीवर फवारणी करायची हाय आन हे काय जीन जीन लावलं.

आणि आणखी पुढे ऐका. 2002 पासून आपण बीटी कापूस लावतो, त्याच्या सरकीत मातीतल्या एका जिवाणूचं जीन घातलेलं असतं. म्हणजे आज जीनात जी सरकी निघते तिच्यातही जीन आहे. आबाजींना सांगितलं तर ते म्हणतील हे त मले पयलेच मालूम होतं.

इथे व्हॉट्सॲपवरचे पंडित लगेच उड्या मारतात, पाहा सगळं संस्कृतातून गेलं. नाही गेलं. लॅटिन आणि संस्कृत चुलत बहिणी आहेत, आजी एक. चुलत बहिणीचं नाक आपल्यासारखं असलं म्हणजे ते आपण तिला दिलं असं होत नाही, दोघींना आजीकडून आलं. याच गोष्टीला आनुवंशिक म्हणतात, आणि पंडितांना आनुवंशिकचा अर्थ कळत नाही तो इथेच.

तर ताई, तुमचा प्रश्न. एकच नाही. कॅन्सर कोणताही असो, तो जनुकीय असतोच, म्हणजे पेशीतल्या जनुकांत बदल होत गेल्याशिवाय गाठ होत नाही, पण ते बदल बहुतेक वेळा जन्मानंतर, वय वाढता वाढता, त्याच पेशीत झालेले असतात आणि लेकराला जात नाहीत. आईबापाकडून आलेला दोष कारण आहे असा स्तनाचा कॅन्सर 100 पैकी 5 ते 10 जणींचाच. म्हणून "माया मायले होता म्हनून मलेबी होईनच काय" याचं उत्तर होईनच असं नाही. सिकलसेलचं वेगळं, तो आपल्या भागात घरोघरी माहीत आहे, तो पूर्ण आनुवंशिक, जनुकातलं एक अक्षर बदललं की रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, आणि नवराबायको दोघेही एएस असले, म्हणजे एक जनुक चांगलं आणि एक बिघडलेलं, तर प्रत्येक खेपेला 4 मध्ये 1 शक्यता एसएस लेकराची, म्हणजे दोन्ही जनुकं बिघडलेल्या, आजारी लेकराची.

अजून एक चुकीचं बोलणं, "तिला ब्राका निघाला". ब्राका म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरवरून नाव पडलेलं एक जनुक, ते सगळ्यांनाच असतं हो, तुम्हाला, मला, आबाजींना. 1990 मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवलं की काही घराण्यांतल्या स्तनाच्या कॅन्सरचा धागा 17 व्या गुणसूत्रावर आहे, 1994 ला ते जनुक हाती लागलं, ब्राका 1, आणि ब्राका 2 त्यानंतर 13 व्या गुणसूत्रावर. नाव पडलं रोगाचं आणि काम आहे तुटलेला डीएनए सांधायचं. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचं नाव 'गळकं छप्पर' ठेवावं तसं झालं. निघतो तो त्यातला बिघडलेला प्रकार, आणि तो असला तर मग बाईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका मोठा, 80 वर्षांपर्यंत 70 टक्क्यांच्या आसपास, शिवाय अंडाशयाचाही, आणि पुरुषांत प्रोस्टेटचा. म्हणून 'कॅन्सरचं जीन' न म्हणता 'जनुकातला बिघाड' म्हणा, डॉक्टरांचा शब्द बरोबरच होता.

पत्रकावर पेनने व चा काना काढून अ ला द्या, चालेल. आणि हा ब्राकाचा बिघाड बापाकडूनही येतो, त्याच्यात असला तर लेकराला यायची निम्मी शक्यता. शिबिराच्या फॉर्मवर आई, मावशी, बहीण लिहिलेलं होतं, आत्याचा रकानाच नव्हता.