रक्ताचे पाट, तरी जांभई

वाचक विचारतात : सिनेमा

अलीकडच्या एका मारधाडपटाबद्दल सोलापुरातून बरीच पत्रं आली आहेत आणि बहुतेकांचा सूर एकच आहे. निऑनचे दिवे, तलवारी, पिस्तुलं, मधेच भूत, मधेच कव्वाली आणि थोड्या थोड्या वेळानं मुडद्यांची रास. चित्रपटाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. या जातीचे चार-पाच सिनेमे ज्यांनी पाहिलेत त्यांना ही उत्तरं कुठल्याही सिनेमाला लावून बघता येतील.

प्रश्न : मारामारीचं मला वावडं नाही, त्यासाठीच तर गेलो होतो. सामुराई, काउबॉय, गँगस्टर, चेटूक, सगळं एकाच सिनेमात होतं. मध्यंतरापर्यंत मजा आली. नंतर शंभर माणसं मेली तरी काही वाटेना. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, ‘काय बे, झोपला का?’ चूक हिंसेची की सरमिसळीची? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : चूक हिशेबाची. प्रत्येक जातीच्या सिनेमात मरणाचा भाव वेगळा असतो. काउबॉयपटात एक गोळी म्हणजे एक माणूस, म्हणून गोळी सुटण्याआधीची शांतता ताणता येते. तारांवर उडणाऱ्या कुंगफूपटात वीस वार झेलून माणूस उभा राहतो. भुताच्या गोष्टीत मेलेला परत येतो. आपल्या मसालापटात नायकाच्या खांद्यात घुसलेली गोळी पुढच्या गाण्यापर्यंत बरी होते. यातला कुठलाही नियम चालतो. पण चार जाती एकत्र आणल्या की दिग्दर्शकाला त्यातला एक भाव पक्का करून प्रेक्षकाला लवकर सांगावा लागतो. तुम्ही पाहिलेल्या सिनेमात बहुधा भाव प्रसंगागणिक बदलत गेला. काल पोटात तलवार खुपसलेला माणूस आज छतावरून उडी मारतोय, हे दोनदा दिसलं की आपण घाबरायचं सोडतो, आणि घाबरायचं सोडलं की जांभई येते.

सरमिसळ आपल्याला नवी नाही. ‘शोले’ (१९७५) वेस्टर्न म्हणजे काउबॉयपट आहे, सामुराईपटांचा नातलग आहे, त्यात विनोद आहे, टांगा आहे, होळी आहे. तिथं मरणाचा भाव गब्बरच्या पहिल्याच प्रसंगात ठरतो. सहापैकी तीन गोळ्या हवेत उडवतो, चक्री फिरवतो, तिघांवर चाप ओढतो आणि तिघेही वाचतात. सगळे खदाखदा हसतात, आणि त्या हसण्यातच तो तिघांना मारतो. या सिनेमात हसता हसता मरण येऊ शकतं, हे तिथं ठरलं. म्हणून जयचं मरण फसवणूक वाटत नाही.

दुसरं उदाहरण जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘योजिम्बो’चं (१९६१). गाव तलवारींचं, आणि त्यात पिस्तूल फक्त एका माणसाकडे. काउबॉयपटातली ती एकच वस्तू सामुराईपटात शिरली आणि सगळी तोलामोलाची गणितं बदलली. तलवारबहाद्दर नायकाला पिस्तुलावर उतारा शोधावा लागतो. याला मिश्रण म्हणायचं. तुमच्या सिनेमात तलवार आणि मशीनगन एकाच खोलीत होत्या, तरी तलवारवाल्याला कुणी आधीच गोळी का घातली नाही, याचं उत्तर नव्हतं ना? मग ते मिश्रण नव्हतं, प्रदर्शन होतं.

पुढच्या वेळी एक गोष्ट तपासा. नायकाला पहिली जखम झाली की पुढच्या दोन मारामाऱ्यांत ती दिसते का? तो लंगडतो का, डाव्या हातानं दार उघडतो का, धाप लागते का? दक्षिण कोरियाच्या ‘ओल्डबॉय’मधली (२००३) बोळातली मारामारी एकाच सलग शॉटमध्ये आहे. नायक त्यात दमतो, वाकतो, पाठीत चाकू घेऊन पुन्हा उठतो. शैली तिथंही ठासून आहे, पण श्रम खरे वाटतात.

मध्यंतरापर्यंत मजा आली याचंही कारण आहे. शैलीचं नवेपण पहिल्या तासात पुरतं. त्या तासातच सगळ्यात मोठा आवाज, सगळ्यात जवळचा शॉट आणि सगळ्यात लाल रंग वापरून टाकला तर शेवटासाठी काही शिल्लक राहत नाही. याहून मोठा आवाज नसतोच.

प्रश्न : प्रत्येक फटक्याला स्लो मोशन का असतं? आणि स्लो मोशन नसेल तिथं कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही. (सात रस्ता)

उत्तर : सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) दाखवतात. तोच प्रसंग सेकंदाला १२० चौकटींनी टिपला तर पडद्यावर पाचपट सावकाश होतो. पाव सेकंदाचा ठोसा सव्वा सेकंद चालतो. असे चाळीस ठोसे म्हणजे पन्नास सेकंद निव्वळ ठोशांचे. ‘सेव्हन सामुराई’त (१९५४) झोपडीतून बाहेर आलेला चोर संथ गतीनं कोसळतो. ते काही क्षणांचंच आहे आणि आजूबाजूची माणसं नेहमीच्या गतीनं दिसतात, म्हणून ते मरण डोळ्यांत राहतं. सगळंच संथ केलं तर वेगळं काहीच उरत नाही.

कळत नाही याचं कारण बहुधा कापाकापी. घरी एखादी मारामारी लावा आणि एका मिनिटात शॉट किती वेळा बदलतो ते बोटांवर मोजा. तीस बदल म्हणजे सरासरी दोन सेकंदांचा शॉट. साठाच्या वर गेलात तर जागा समजायला वेळच मिळत नाही. पण आकड्यावरच निकाल देऊ नका. आधी एकदा खोली पूर्ण दाखवली असेल, आणि डावीकडचा माणूस प्रत्येक शॉटमध्ये डावीकडेच राहत असेल, तर वेगवान कापणीही समजते. कॅमेरा त्या दोघांमधली काल्पनिक रेषा ओलांडून पलीकडे गेला की बाजू उलटतात आणि घोळ सुरू होतो. नट मारामारीत कच्चा असेल तर हा घोळ कधीकधी मुद्दाम घातलेला असतो.

प्रश्न : हा सिनेमा आधी हिंदीत पाहिला, मग तेलुगूत. तेलुगूत मारामारी जास्त अंगावर आली. घरची भाषा तेलुगू आहे म्हणून तसं वाटलं का? (अशोक चौक)

उत्तर : थोडं तेही. पण तांत्रिक कारणही आहे. सिनेमा मूळ तेलुगूतला असेल तर तुम्ही पाहिलेली हिंदी आवृत्ती डब केलेली. डबिंगसाठी संगीत आणि इतर आवाजांचा वेगळा ट्रॅक दिला जातो. त्यामुळे तलवारीचा खणखणाट, काचा, पावलं दोन्ही भाषांत सारखीच असतात. संवाद मात्र नव्यानं बोलले जातात, आणि त्यांच्याबरोबर नटाचं कण्हणं, धाप, दात आवळून काढलेला हुंकारही. हे सगळं बंद स्टुडिओत माईकसमोर उभं राहून होतं. धाप खरी नसते, आणि गोदामात किंवा बोळात आवाज जसा घुमतो तसा घुमवायचं काम घाईत राहून जातं. मार दिसतो, दुखणं ऐकू येत नाही. वर ओठांची हालचाल जुळवायला वाक्यं ताणलेली किंवा तोडलेली असतात, त्यामुळे धमकी दमदार वाटत नाही.

सोलापूरकरांना इथं फायदा आहे, कारण आपल्याकडे तेलुगू कळणारा मोठा प्रेक्षक आहे आणि मूळ तेलुगूतले खेळही लागतात. तिकीट काढताना खेळाची वेळ बघण्याआधी भाषा बघा. तेलुगू येत नसेल तरी सबटायटल असलेला मूळ भाषेतला खेळ मिळाला तर तोच घ्या.

प्रश्न : अर्धा सिनेमा काळाकुट्ट होता आणि संवाद ऐकू येत नव्हते. दिग्दर्शकाची शैली म्हणायची की थिएटरची कृपा? (होटगी रोड)

उत्तर : चित्रपट सुरू होण्याआधीच्या जाहिराती बघा. त्यातला पांढरा रंग मळकट दिसत असेल तर संशय थिएटरवर. ठरलेल्या मापानं डिजिटल प्रक्षेपणात पडद्यावरचा उजेड १४ फूट-लँबर्ट (उजेड मोजायचं एकक) हवा. दिवा जुना झाला की तो घसरतो. थ्रीडीसाठी लेन्सपुढे लावलेला फिल्टर साध्या टूडी खेळालाही तसाच राहिला तर आणखी घसरतो. उजेडातल्या प्रसंगांत ते खपून जातं, निऑन आणि अंधाराच्या सिनेमात सगळं काळं होतं. जाहिराती लख्ख आणि सिनेमाच काळा असेल, तर ती निवड दिग्दर्शकाची.

आवाजाचं थोडं उलटं आहे. थिएटरच्या ध्वनियंत्रावर ७ हा प्रमाण आकडा असतो आणि मिक्सिंग, म्हणजे सिनेमातल्या आवाजांची जुळणी, त्यालाच धरून होतं. मारधाडपट कर्कश असतात, प्रेक्षक तक्रार करतात, मग ऑपरेटर आकडा ५.५वर आणतो. म्हणजे सुमारे ५ डेसिबल कमी. स्फोट तरीही मोठेच वाटतात, कुजबुज मात्र बुडते. संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. तो स्पीकर बिघडला असेल तर गाणी दणदणीत आणि माणसं मुकी. हे ओळखायला शांत प्रसंग पुरतो. दोघंच बोलत असताना आवाज बाजूनं किंवा लांबून आल्यासारखा वाटला तर उठा आणि व्यवस्थापकाला सांगा. पहिल्या दहा मिनिटांत सांगितलंत तर काही होतं. मध्यंतरानंतर ‘पुढच्या शोला बघतो’ एवढंच ऐकायला मिळतं.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे. तिकिटावर ‘यूए १६+’ होतं, तरी आत सोडलं. चुकून का? (एक पालक, विजापूर रोड)

उत्तर : चुकून नाही. २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. हा आकडा पालकांसाठी सल्ला आहे, दारावरची बंदी नाही. बंदी फक्त ‘ए’ला, अठराखालच्यांना. तेव्हा निर्णय तुमचाच. रक्त किती आहे यापेक्षा छळ किती वेळ दाखवलाय आणि त्यावर सिनेमा हसतोय का, हे आधी पाहून आलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला विचारा. ट्रेलरवरून ते कळत नाही.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे सहा जण. सिनेमा पाहून चिडलो आणि ठरवलं की सात मिनिटांची आपलीच फिल्म करायची, एकच मारामारी, पण नीट. मोबाइलवर. रक्त आणि ठोसे कसे करायचे? (अक्कलकोट रोड)

उत्तर : चिडून केलेलं काम बरं होतं. आधी कॅमेरा. सेटिंग सेकंदाला २५ चौकटी आणि शटर (एक चौकट टिपायला लागणारा वेळ) १/५० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे शटर १/६० ठेवलं तर ट्यूबलाइटखाली पट्टे आणि लुकलुक दिसते. १२० चौकटींचं स्लो मोशन खोलीत करूच नका, उन्हात करा. अख्ख्या फिल्ममध्ये एकदाच.

हाणामारी आठ ते दहा हालचालींची बसवा, अर्ध्या वेगात पाठ करा, मग वेग वाढवा. ठोसा चेहऱ्यापासून वीतभर तरी लांबून जायला हवा. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवला की मधलं अंतर दिसत नाही. बाजूनं लावलात तर सगळं उघडं पडतं. खरं काम मार खाणाऱ्याचं असतं. त्यानं मान उशिरा वळवली तर ठोसा खोटा, आधी वळवली तर हशा. पडायचं असेल तिथं गादी घाला आणि पडणं दोन शॉटमध्ये तोडा.

आवाज नंतर भरा. सोलापुरी चादरीची चौपदरी घडी करून त्यावर तळहातानं हाणा, मोबाइल हातभर अंतरावर ठेवा, ठोसा तयार. हाडासाठी गाजर मोडा. प्रत्येक ठोशाला तोच आवाज चिकटवू नका, पाच-सहा वेगवेगळे करून घ्या.

रक्तासाठी केकच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज एक वाटी, कोमट पाणी दोन-तीन चमचे, लाल खायचा रंग पाव चमचा, कोको पावडर अर्धा चमचा, निळ्या रंगाचा एकच थेंब. कोको आणि निळा घातला नाही तर सरबत दिसतं. साखरेचा पाक वापरणार असाल तर चार थेंब लिंबू पिळा, नाहीतर तासाभरात दाणे धरतात. पिवळ्या दिव्याखाली ते नारिंगी आणि निळ्या दिव्याखाली काळं दिसतं, म्हणून ज्या उजेडात चित्रण आहे तिथंच आधी चाचणी घ्या. डोळ्यांत जाऊ देऊ नका. डाग निघत नाही, तेव्हा एकसारखे तीन शर्ट आणा, आणि शर्टावर डाग पडला की पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये तो त्याच जागी दिसला पाहिजे. ॲपमधलं तयार रक्त नको. ते हवेत उडतं आणि जमिनीवर पडायच्या आधीच गायब होतं. तुम्ही चिडलात त्यातलं एक कारण तेच असणार.

खरं शस्त्र अजिबात नको, गुप्तीसुद्धा नाही. खेळण्यातलं पिस्तूल घेऊन रस्त्यावर उभे राहिलात तर बघणाऱ्याला ते खेळणं आहे हे कळत नाही. जवळच्या पोलिस ठाण्यात जागा, तारीख, वेळ लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. भुईकोट किल्ला डोक्यात असेल तर तो संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. त्यापेक्षा कुणाच्या तरी बंद पडलेल्या कारखान्याचं शेड मालकाला विचारून मिळवा. भिंतीवरच्या खिडक्यांतून सकाळी नऊच्या सुमारास तिरका उजेड येत असेल तर दिव्यांचा खर्चही वाचेल.