परदेशात लो-पॉवर डिझाइनच्या जागेसाठी काय पक्कं करून यावं

तीन वर्षं आरटीएल (चिपचं लॉजिक कोडमध्ये लिहिणं) केलंय, आता बाहेर लो-पॉवरच्या (कमी वीज खाणाऱ्या चिपच्या डिझाइनच्या) जागेसाठी अर्ज करायचाय, तयारी कशाची करू, असं तुम्ही विचारलंय. टूलच्या कमांड पाठ करू नका, त्या इथे आल्यावर अंगवळणी पडतात. मुलाखतीत खोदून विचारतात ते एवढंच: वीज कुठे जाते आणि तुमचा उपाय बदल्यात काय मागतो.

व्होल्टेजचा परिणाम वर्गाने होतो. १ व्होल्टवरून ०.८ वर आलात की त्याच फ्रिक्वेन्सीला स्विचिंगचा (सिग्नल ०-१ बदलण्याचा) वीजखर्च ३६ टक्के उतरतो, पण गेट मंदावतात आणि सेटअप (क्लॉकच्या ठोक्याआधी डेटा पोहोचायची वेळ) हुकतो. म्हणून डीव्हीएफएसमध्ये (कामाप्रमाणे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बदलण्यात) वेग वाढवताना आधी व्होल्टेज वाढवायचं, कमी करताना आधी फ्रिक्वेन्सी उतरवायची.

क्लॉक गेटिंग (काम नसलेल्या भागाचा क्लॉक थांबवणं) तुम्हाला येतच असेल. त्यासाठीच्या तयार आयसीजी सेलमध्ये लॅच का असतो (एनेबलवरचा ग्लिच, म्हणजे क्षणिक नको असलेला बदल, क्लॉकवर जाऊ नये म्हणून) आणि टेस्ट-एनेबल न जोडल्यास स्कॅन शिफ्ट (चिप तपासताना फ्लॉपमधून, म्हणजे एकेक बिट साठवणाऱ्या घटकांमधून, डेटा सरकवणं) का अडतं, हे सांगता आलं की पुरे. एक-दोन फ्लॉपसाठी गेटिंग सहसा परवडत नाही.

खरा कस पॉवर गेटिंगमध्ये, म्हणजे काम नसलेल्या भागाचा पुरवठाच तोडण्यात. बंद करताना क्लॉक थांबवा, आयसोलेशन लावा (बंद भागाचे आउटपुट ठराविक मूल्यावर धरा), रिटेन्शन फ्लॉपमध्ये (पुरवठा तुटला तरी मूल्य राखणाऱ्या) सेव्ह करा, मग स्विच बंद. चालू करताना स्विचचा अ‍ॅकनॉलेज येईपर्यंत थांबा, रीसेट द्या, रीस्टोअर करा, आयसोलेशन काढा, शेवटी क्लॉक. सगळे स्विच एकदम चालू केले तर इनरश करंटमुळे (एकदम ओढल्या जाणाऱ्या मोठ्या करंटमुळे) शेजारच्या जाग्या ब्लॉकचं व्होल्टेज खाली बसतं, म्हणून ते साखळीने चालू करतात. आयसोलेशन सेलला बंद होणाऱ्या डोमेनचाच (एकत्र चालू-बंद होणाऱ्या भागाचाच) पुरवठा देणं ही नेहमीची चूक. दुसरी क्लॅम्पची, म्हणजे आयसोलेशन सिग्नल ज्या मूल्यावर धरतं त्याची: अ‍ॅक्टिव्ह-लो रीसेट ० ला क्लॅम्प केला की झोपलेला ब्लॉक शेजाऱ्याला कायम रीसेटमध्ये डांबून ठेवतो. यूपीएफशिवाय चालवलेल्या आरटीएल सिम्युलेशनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. यूपीएफ म्हणजे डिझाइनची पॉवर-रचना लिहिण्याचं आयईईई १८०१ हे मानक. ते वाचता आणि लिहिताही यायला हवं.

पॉवरचा आकडा सांगाल तेव्हा त्यामागची अ‍ॅक्टिव्हिटी कुठली, हे विचारणारच. डीफॉल्ट टॉगल रेटवरचा (सिग्नल किती वेळा बदलतात याच्या गृहीत आकड्यावरचा) अंदाज पुढे करू नका, खऱ्या वर्कलोडची एसएआयएफ फाइल (सिम्युलेशनमध्ये सिग्नल किती बदलले याची नोंद) द्या. मल्टिप्लायरसारखा ब्लॉक असेल तर आरटीएलच्या एसएआयएफमध्ये ग्लिच येत नाहीत. त्यासाठी एसडीएफ (गेटच्या विलंबांची फाइल) लावून गेट-लेव्हल सिम्युलेशन करावं लागतं.

जुन्या कंपनीचा कोड किंवा यूपीएफ दाखवायला आणू नका, उलट त्यावरूनच नकार येऊ शकतो. दोन डोमेनचं छोटं डिझाइन स्वतः लिहा आणि वरचा क्रम मुद्दाम चुकवून कुठे एक्स (सिम्युलेशनमधली अज्ञात मूल्यं) पसरतात ते बघून ठेवा.