फायबरचं नेट दिवसातून पाच-सहा वेळा जातं, पण स्पीड टेस्ट पूर्ण येते. राउटर बदलू का?

नका बदलू. निदान आणखी चार दिवस तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की नेट गेलं की दोनेक मिनिटांत आपोआप परत येतं, टेस्टला पूर्ण १०० एमबीपीएस दिसतात, आणि म्हणून कस्टमर केअर म्हणतं की लाइन ओके आहे, राउटर खराब असेल. या 'लाइन ओके आहे'वरून मी इतक्या वेळा वाद घातलाय की उत्तर थोडं लांबणार.

टेस्ट पूर्ण आली म्हणजे लाइन ठीक, हे साफ चूक आहे. फायबरमध्ये प्रकाश कमी झाला म्हणून वेग हळूहळू उतरत नाही. मायनस १८ डीबीएमला (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप; मायनसचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) जो वेग मिळतो, तोच मायनस २६ लाही मिळतो, कारण वाटेत झालेल्या चुका ओएनटी (फायबर ज्यात येतो तो घरातला डबा, बऱ्याचदा राउटरही त्यातच असतो) तिथल्या तिथे दुरुस्त करत असतो. दुरुस्तीची ताकद संपली की लाइन एकदम पडते. अगदी काठावर आलेली लाइनसुद्धा टेस्टमध्ये पास होते, ती अशी.

तुमच्या प्रश्नातली कामाची गोष्ट म्हणजे ती दोन मिनिटं. नुसतं वायफाय तुटलं तर मोबाइल काही सेकंदांत परत जोडला जातो. दोन मिनिटं लागतात तेव्हा बहुधा ओएनटीचा पलीकडच्या ओएलटीशी (कंपनीच्या टोकाचं यंत्र) संपर्क तुटलेला असतो. प्रकाश परत आला की तो नव्याने नोंदणी करतो, मग पीपीपीओई लॉगिन (कंपनीकडे नाव-पासवर्डने होणारं), मग आयपी पत्ता मिळतो. नाहीतर डबाच बंद पडून पुन्हा सुरू होत असतो. या दोन्हींतला फरक दिव्यांवरून कळतो, आणि म्हणूनच पुढच्या वेळी नेट गेल्यावर डब्याला हात लावू नका. 'एकदा रीस्टार्ट करून बघा' हा सगळ्यात वाईट सल्ला आहे, कारण रीस्टार्ट केलं की अपटाइम (डबा सलग किती वेळ चालू आहे तो आकडा) शून्यावर येतो, बऱ्याच डब्यांचा लॉगही पुसला जातो, आणि कारण शोधायला हातात काही उरत नाही.

त्याऐवजी दिव्यांचा फोटो काढा, वेळेसकट. एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. एलओएस बंद आणि पॉन (नोंदणीचा दिवा) लुकलुकतोय, म्हणजे प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही. पॉन स्थिर आणि फक्त इंटरनेटचा दिवा गेला, तर घोळ लॉगिनचा किंवा त्याच्याही पुढचा. सगळे दिवे विझून पुन्हा पेटले तर ॲडॉप्टर. तो बहुधा १२ व्होल्टचा असतो. आतला कपॅसिटर थकला की मोकळ्या पिनेवर मीटर बारा दाखवतो आणि भार पडला की व्होल्टेज कोसळतं, त्यामुळे नुसतं मीटर लावून 'चांगला आहे' म्हणू नका. तेवढ्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा, त्याच पोलॅरिटीचा (पिनेतलं प्लस-मायनस तसंच असलेला) दुसरा लावून दोन दिवस बघा.

आता आकडा. ओएनटीच्या पानावर जा (पत्ता डब्याखालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१), स्टेटसमध्ये पॉन किंवा ऑप्टिकल अशा नावाखाली 'आरएक्स पॉवर', म्हणजे डब्याला मिळणारा प्रकाश, सापडेल. नेहमीच्या बी प्लस दर्जाच्या जीपॉनमध्ये (घरगुती फायबरची नेहमीची पद्धत) ओएनटीला मायनस ८ ते मायनस २७ डीबीएम चालतं. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे मायनस १८ वरून मायनस २७ वर आलात तर आठवा हिस्सा उरला.

तुमच्याकडे किती यायला हवं, हे साधारण मांडता येतं. ओएलटीमधून निघताना अधिक ३ धरा. एकास बत्तीसचा स्प्लिटर (एक प्रकाश बत्तीस जणांत वाटणारा) १७ च्या आसपास खातो, चार किलोमीटर काच, म्हणजे फायबर, साधारण १, चार-पाच कनेक्टर मिळून दीड-दोन. उरले मायनस १७. स्प्लिटर मोठा असेल तर आणखी ३ जातील. मायनस २० ते २२ दिसलं तर झोप उडवून घेऊ नका. मायनस २५ च्याही खाली (२६, २७) गेलं तर तक्रार कराच.

पण एकदा आकडा बघून थांबू नका. चार दिवस सकाळी, भर दुपारी आणि रात्री नोंद करा, शिवाय नेट जाऊन आल्यावर लगेच. माझं ठाम मत आहे की कायम मायनस २५ वर असलेली लाइन ही मायनस १९ आणि २४ च्या मध्ये हेलकावे खाणाऱ्या लाइनपेक्षा बरी. काच स्वतःहून बदलत नाही. दिवसभरात दीड-दोन डीबीचा फरक पडतोय, तर कुठेतरी काहीतरी हलतंय, आणि ते बहुतेकदा एखाद्या जोडात असतं.

बऱ्याच ठिकाणी वेळ वाचवायला ड्रॉप केबलच्या (बाहेरून घरात येणाऱ्या केबलच्या) टोकाला थेट फास्ट कनेक्टर चढवतात. त्याच्या आत कारखान्यात बसवलेला फायबरचा एक छोटा तुकडा असतो, आणि जागेवर कापलेली केबल त्याला टेकवून मध्ये जेल असते. काप सरळ नसेल, जेल सुकली असेल किंवा केबल कुणी ओढली असेल, तर तिथे बारीकशी फट राहते. दुपारी प्लास्टिक तापून पसरतं, रात्री आकसतं, आणि त्याबरोबर आकडा वर-खाली होतो. कनेक्टर हलकेच बोटाने दाबल्यावर आकडा बदलला (पान रिफ्रेश करून बघा), तर दोष सापडला. अशा जोडावर नवीन फास्ट कनेक्टर चढवू देऊ नका. भिंतीवरच्या डबीत पिगटेल (एका टोकाला तयार कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) फ्यूजन स्प्लाइस करून, म्हणजे काच वितळवून जोडून मागा. त्या जोडात ०.१ डीबीपेक्षा जास्त जायला नको, आणि तो उन्हाने हलत नाही.

दुसरं कारण मळ. हिरव्या कनेक्टरचं पांढरं टोक २.५ मिमीचं असतं, ८ अंशांत तिरकं घासलेलं. सगळा प्रकाश त्याच्या मधोमध जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून जातो. केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. बोटाचा एक ठसा तिथे पुरेसा आहे. फुंकर मारू नका, सदऱ्याला पुसू नका. या प्रकारच्या (एससी) कनेक्टरसाठीचा २.५ मिमीचा क्लीनर पेन मिळतो, तो एकदा 'टक' होईपर्यंत दाबायचा. नाहीतर धागे न सुटणारा कागद आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, एकाच दिशेने एक हात, मग कोरडा. 'काढून घातलं की चालतं' असं वाटतं, ते कण बाजूला सरकतो म्हणून. आणि हिरव्याला निळा कनेक्टर कधीही जोडू नका. तो बसतो, चालतोही, पण तिरक्या आणि सपाट टोकांमध्ये हवेची फट राहते.

तिसरं, वाकण. आतल्या पॅचकॉर्डवर (भिंतीच्या डबीपासून ओएनटीपर्यंतची छोटी केबल) जी ६५७ ए२ हा फायबरचा प्रकार छापलेला असेल तर साडेसात मिमी त्रिज्येपर्यंत चालतं. जुन्या जी ६५२ ला ३० मिमी लागते. दाराच्या फटीत चेपलेली किंवा खिळ्याने ठोकलेली केबल शोधा. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० चा, आणि वाकणात जास्त तरंगलांबी जास्त गळते. म्हणून फोनवर कुणी 'आमच्याकडे पॉवर चांगली दिसते' म्हणालं तर विचारा, कुठली? ओएलटीला मिळणारी की माझ्या ओएनटीला मिळणारी? पहिली चांगली असूनही दुसरी वाईट असू शकते.

वायफायचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या लक्षणांत ते बसत नाही. लॅपटॉप केबलने जोडा, एका खिडकीत राउटरला आणि दुसरीत ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग, म्हणजे उत्तर येतं का बघणारी हाक, सतत चालू ठेवा. नेट गेल्यावर फक्त दुसरं तुटलं तर दोष राउटरच्या पलीकडे. केबलवर दोन्ही चालू आणि मोबाइलवर नेट नाही, तर वायफाय. पाच गिगाहर्ट्झवर चॅनल ५२ ते १४४ मध्ये असेल तर ३६ वर टाका. त्या पट्ट्यात रडारचा सिग्नल दिसला की राउटरला चॅनल सोडावं लागतं.

तक्रार करताना 'नेट सारखं जातं' म्हणू नका. तारीख, वेळ, दिवे आणि आकडा सांगा, आणि विचारा की गेल्या सात दिवसांत माझ्या ओएनटीचं डाउन कॉज (लाइन पडण्याचं कारण) काय नोंदलंय. वीज गेली की ओएनटी बंद पडता पडता 'डाइंग गॅस्प' नावाचा संदेश पाठवतो. नोंदीत तो असेल तर ॲडॉप्टर किंवा वीज बघा. एलओएस असेल तर वाद संपला, दोष फायबरचा.

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी. उघड्या टोकात कधीही डोकावू नका, तो प्रकाश दिसत नाही पण असतो. काही कंपन्या ऑप्टिकलचं पान लपवतात, तेव्हा आकडा त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल. त्याच स्प्लिटरवरच्या शेजाऱ्यांचंही त्याच मिनिटाला जात असेल तर तुमच्या घरात काही शोधू नका. मुख्य केबल किंवा स्प्लिटर असेल, किंवा एखादा बिघडलेला ओएनटी आपली पाळी सोडून प्रकाश फेकून सगळ्यांना पाडत असेल. आणि हो, चांगल्या ॲडॉप्टरवरही अपटाइम शून्य होत असेल, किंवा केबलवर राउटरचंच पिंग तुटत असेल, तर बदला. मग दोष खरंच डब्यात आहे.

लाइनमन आला की त्याचा पॉवर मीटर १४९० वर लावलाय ना ते बघा. आधी भिंतीच्या डबीत, मग ओएनटीत जाणाऱ्या टोकाला मोजायला सांगा. दोन्हींत एक डीबीचा फरक असेल तर पॅचकॉर्ड खराब. काम झाल्यावर पुन्हा मोजून आकडा लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी तोच आकडा दिसेपर्यंत तक्रार बंद करायला हो म्हणू नका.